संपावर गेलेली हवा

एखाद्या खोऱ्याची हवा वर्षभर स्वच्छ ठेवायची, मग पुन्हा मळवायची आणि दोन्ही वेळी किती मुलं दवाखान्यात भरती होतात ते मोजायचं. असा प्रयोग कुणी मांडला तर त्याला परवानगी मिळणारच नाही, मिळूही नये. अमेरिकेतल्या युटा राज्यात तो आपोआप घडला, मालक-कामगारांच्या तंट्यामुळे.

युटा व्हॅली डोंगरांनी वेढलेली आहे. हिवाळ्यात थंड हवा तळाशी बसते, वर उबदार हवेचा थर पसरतो आणि धूर जमिनीलगत कोंडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे जिनिव्हा नावाचा पोलाद कारखाना उभा राहिला. ऑगस्ट १९८६ मध्ये तो बंद पडला, मालक बदलले आणि सप्टेंबर १९८७ मध्ये भट्ट्या पुन्हा पेटल्या. मधला एक अख्खा हिवाळा धुराविना गेला. खोऱ्यातले पीएम १०, म्हणजे दहा मायक्रॉनहून बारीक धूलिकण, मोजायला सुरुवात झाली होती १९८५ मध्ये. म्हणजे आधीचा हिवाळा, बंदचा हिवाळा आणि नंतरचा हिवाळा, तिन्ही मोजमापात सापडले. इतकं नेमकं जुळून यावं याचं मला अजून नवल वाटतं.

ते हेरलं आर्डेन पोप यांनी. ते तिथल्याच ब्रिगम यंग विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ, डॉक्टर नव्हेत. त्यांनी रुग्णालयांच्या नोंदी धुळीच्या आकड्यांशेजारी मांडल्या. १९८९ मध्ये छापलेला निष्कर्ष असा: कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वसनाच्या आजारांनी भरती झालेली मुलं बंदच्या हिवाळ्याच्या दुप्पट ते तिप्पट होती. दोष तंबाखूवर ढकलण्याचीही सोय नव्हती, कारण खोऱ्यात बहुसंख्य मॉर्मन पंथाचे आणि तो पंथ तंबाखू निषिद्ध मानतो.

तरी आक्षेप आलेच. त्या हिवाळ्यांत लहान मुलांना होणाऱ्या एका विषाणूची साथ असेल, असं म्हटलं गेलं. आक्षेप रास्त होता. नुसत्या नोंदींवरून त्याला पुरतं उत्तर देता येत नव्हतं. पुढे पोप हार्वर्डच्या सहा शहरांच्या अभ्यासात सहभागी झाले. १९९३ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ८,१११ प्रौढांवर चौदा ते सोळा वर्षं नजर ठेवली होती आणि सर्वांत मळक्या हवेच्या शहरात मृत्यूचं प्रमाण सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्के जास्त निघालं. पण धूळ शरीरात जाऊन नेमकं काय करते?

उत्तर कपाटात पडून होतं. धूळ मोजायची म्हणजे यंत्राने हवा ओढून गाळणीच्या कागदातून जाऊ द्यायची, कागद काळवंडला की त्याचं वजन करायचं. कारखान्याजवळच्या लिंडन इथल्या केंद्रावरचे त्या वर्षांचे कागद वजन झाल्यावरही कुणी फेकले नव्हते. कारखाना चालू असतानाची हवा आणि बंद असतानाची हवा त्या कागदांवर वेगवेगळी धरून ठेवलेली होती!

दशकभरानंतर संशोधकांनी त्यांवरची धूळ पाण्यात उतरवली. तो अर्क उंदरांच्या फुप्फुसांत सोडला, तेव्हा चालू काळातल्या धुळीने दाह पेटवला, बंद काळातल्या धुळीने फारच कमी. मग निरोगी स्वयंसेवक पुढे आले. नळीवाटे त्यांच्या फुप्फुसाच्या एका भागात अर्धा मिलिग्रॅम अर्क सोडला, दुसऱ्या दिवशी तो भाग धुऊन पाणी तपासलं. फरक तोच. प्रयोगशाळेत ना हिवाळा होता, ना साथ.

त्याहून चकित करणारी गोष्ट म्हणजे दोन्ही अर्कांची मात्रा सारखीच होती. बंद काळात धूळ कमी होती म्हणून मुलं वाचली, एवढंच हे प्रकरण नव्हतं. त्या धुळीची जातच सौम्य होती. चालू काळातल्या धुळीत लोखंड, तांबं, जस्त अशा धातूंचं प्रमाण जास्त होतं आणि संशोधकांचा रोख त्यांच्यावरच आहे.

आज आपल्या मोबाइलवर दिसणारा हवेचा निर्देशांक धूलिकणांचं वजन धरून चालतो. चुलीचा धूर, बांधकामाची धूळ, भट्टीची काजळी हे सगळं त्यात एकाच तराजूत पडतं. मुंबईत किंवा चंद्रपुरात तो आकडा सारखा दिसला, तरी फुप्फुसात उतरणारा माल सारखा असेलच असं नाही.