जूनपासून दिवाळीपर्यंत : कॉन्व्हेंटच्या शाळेत नेमकं काय चालतं?



जून लागला की आमच्या गटांच्या बैठकीत दोनच विषय असतात, बियाणं आणि शाळा. कर्जाचे अर्जही याच दोन कामांसाठी येतात. मागच्या जूनमध्ये एका सदस्य ताईने मुलीच्या फीसाठी बारा हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. मालक शेंद्र्याच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला, घरी दोन एकर कोरडवाहू. मुलीला पाचवीला शहरातल्या कॅथलिक शाळेत जागा मिळाली होती. त्या बैठकीत कर्जावर कमी आणि शाळेवर जास्त बोलणं झालं. एक मावशी म्हणाली, "पोरगी तिकडं गेली की आपली राहायची नाही." दुसरी म्हणाली, "येशूची प्रार्थना म्हणायला लावतात म्हणं." तिसरीचा प्रश्न साधा होता, "दिवसभर करतात तरी काय तिथं?"

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली, बी.ए. झाले तेही गावात राहून. मलाही उत्तर येत नव्हतं. पण कर्जाच्या कागदावर समन्वयक म्हणून माझी सही होती, त्यामुळे ते पूर्ण सत्र मी जवळून पाहिलं. आज त्याबद्दलच बोलते.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे इंग्रजी पाटी दिसली की लोक त्या शाळेला 'कॉन्व्हेंट' म्हणतात. रस्त्याच्या कडेला चार पत्र्यांच्या खोल्या असतात आणि नाव असतं 'सेंट अमुक'. खरं तर कॉन्व्हेंट म्हणजे सिस्टर लोकांचा मठ, जिथे त्या राहतात. त्यांनी चालवलेली शाळा ती कॉन्व्हेंटची शाळा. आपल्या शहरात जालना रोडवर सेंट फ्रान्सिस डी सेल्स आहे, छावणीत होली क्रॉस आणि लिटल फ्लॉवर आहेत. या शाळांच्या मागे कॅथलिक धर्मगुरूंचा किंवा सिस्टर लोकांचा संघ नाहीतर धर्मप्रांत असतो. नुसतं 'सेंट' नाव बघून पैसे भरू नका. शाळा कोणत्या संस्थेची, मान्यता कोणाची, अकरा आकडी यू-डायस क्रमांक काय, हे तीन प्रश्न कुठल्याही शाळेच्या ऑफिसात विचारता येतात. आमच्या त्या ताईची मुलगी चौथीपर्यंत अशाच एका 'सेंट'मध्ये होती. फी भरून चार वर्षं काढली आणि मुलीला इंग्रजीतलं एक वाक्य धड वाचता येत नव्हतं.

दुसरी गोष्ट म्हणजे, या शाळा परक्या लोकांच्या आहेत असं आपल्याला वाटतं. पण आपल्या जिल्ह्यातले बहुतेक कॅथलिक लोक आपल्यासारखेच खेड्यातले, मराठी बोलणारे, शेतमजुरी केलेले. फादर गुरियन जाकिये नावाचे फ्रेंच धर्मगुरू निजामाच्या काळात आपल्या जिल्ह्यातल्या घोगरगावाला येऊन राहिले, तिथून गावोगाव फिरले. ते फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाच्या संघाचे होते. याच संघाने नागपुरात १८७० साली शाळा काढली होती. इथला कॅथलिक धर्मप्रांत मात्र बराच उशिरा, १९७७ साली झाला. हे फ्रान्सिस डी सेल्स चारशे वर्षांपूर्वीचे बिशप. लोक ऐकायला येईनात, म्हणून ते पत्रकं लिहून दाराच्या फटीतून आत सरकवत. पुढे १९२३ साली पोपनी त्यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते ठरवलं. म्हणजे आम्हा रेडिओवाल्यांचेही तेच म्हणायचे!

आता सत्राकडे येते. शाळा जूनच्या मध्याला उघडते. पहिल्या आठवड्यात हातात येते ती डायरी. बाजारातली नव्हे, शाळेने छापलेली. तिच्यात सुट्ट्या, नियम, प्रार्थना, फीच्या तारखा असतात आणि शेवटी शेऱ्यांची पानं. शाळेचं घराशी सगळं बोलणं या पानांवर होतं. आमच्या ताईने पहिले पंधरा दिवस डायरी उघडलीच नाही, कारण इंग्रजी. एके दिवशी शेजारच्या कॉलेजातल्या मुलीने वाचलं तर चार शेरे साचलेले, सहीविना. एक तर नुसता "उद्या रंगपेटी आणा" एवढाच होता. तेव्हापासून नियम ठरला, रोज संध्याकाळी भाकरी टाकायच्या आधी डायरी बघायची, अडलं तर शेजारी दाखवायची. ताई मराठीत सही करते, वर मराठीतच दोन ओळी लिहिते. शाळेने कधी हरकत घेतली नाही.

दिवसाची सुरुवात असेंब्लीने होते, आपल्या परिपाठासारखी. प्रार्थना, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, बातम्या, सुविचार. पण यात एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. असेंब्ली वर्गांकडे पाळीपाळीने येते आणि त्या आठवड्यात माइकवर मुलंच असतात. कोणी बातमी वाचतं, कोणी प्रार्थना सांगतं. एरवी तोंड न उघडणाऱ्या पोरालाही पाच-सहाशे मुलांसमोर उभं राहून दोन ओळी म्हणाव्याच लागतात. आपण गटात अध्यक्षपद फिरतं ठेवतो ते कशासाठी? एकच बाई बोलायला लागली की बाकीच्या मुक्या होतात म्हणून. तोच हिशेब.

मग येतं 'हाउस'. हाउस म्हणजे घर नव्हे. सगळ्या शाळेतल्या मुलांचे चार गट पाडतात, लाल, निळा, हिरवा, पिवळा. प्रत्येक गटात पहिलीपासून दहावीपर्यंतची मुलं. खेळ, वक्तृत्व, सजावट, शिस्त, सगळ्याचे गुण हाउसच्या नावावर जमा होतात. जुलैत विद्यार्थी प्रतिनिधींची निवड होते आणि निवडलेल्यांना समारंभात बिल्ले लावून शपथ देतात. आमची मुलगी हिरव्या हाउसात गेली. पहिले दोन महिने तिला तेवढंच ओळखीचं वाटत होतं. वर्गात तिच्याशी कोणी फार बोलत नव्हतं, पण हाउसातल्या नववीच्या एका ताईने तिला रिबिनी कशा बांधायच्या ते शिकवलं.

आता प्रार्थनेचा प्रश्न. तो खरा आहे आणि तो विचारण्यात लाज नाही. या शाळांत सकाळी प्रार्थना होते, तीत देवाला 'पिता' म्हणतात. कॅथलिक मुलांसाठी धर्मशिक्षणाचा वेगळा तास असतो आणि त्याच वेळी बाकीच्या मुलांना मूल्यशिक्षण असतं, म्हणजे खरं बोलणं, वाटून खाणं, म्हाताऱ्यांशी कसं वागावं अशा गोष्टी. राज्यघटनेचं २८वं कलम सांगतं की सरकारमान्य किंवा सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेत कोणालाही मर्जीविरुद्ध धर्मशिक्षणाला बसवता येत नाही आणि लहान मुलाच्या बाबतीत पालकाची संमती लागते. म्हणून मनात शंका असेल तर प्रवेशाच्या वेळीच विचारा, "आमच्या मुलीला त्या तासाला कुठे बसवता?" ताईने विचारलं. सिस्टरने मराठीतच उत्तर दिलं आणि वेळापत्रकात तो तास दाखवला. मुलगी आजही घरी शुभंकरोती म्हणते. फक्त आता म्हणताना डोळे मिटून सरळ उभी राहते, आणि आजी हसते.

सणांचं गणित तर मजेशीर आहे. आषाढी एकादशीच्या सुमारास मुलं वारकऱ्यांच्या वेशात आली, मुलींच्या डोक्यावर तुळस. १५ ऑगस्टला झेंडावंदन झालंच, पण कॅथलिक लोकांचा मरियामातेचा मोठा सणही त्याच तारखेला येतो. ५ सप्टेंबरचंही तसंच, आपल्याला तो राधाकृष्णन यांच्या जन्मदिवसाचा शिक्षक दिन, आणि मदर तेरेसांचा सणही त्याच दिवशी. त्या दिवशी मोठी मुलं शिक्षक होऊन खालचे वर्ग घेतात. १ ऑक्टोबरला संत तेरेझा यांचा सण, ज्यांना 'लिटल फ्लॉवर', म्हणजे छोटं फूल म्हणतात. चोविसाव्या वर्षी वारलेली ही फ्रान्सची सिस्टर. छावणीतल्या शाळेची पाटी वाचताना त्या फुलाचा अर्थ मला कधी कळला नव्हता.

पण सगळं गोडगोड नव्हतं. ऑगस्टमध्ये घटक चाचणी झाली. इंग्रजीत वीसपैकी चार, विज्ञानात सहा. प्रश्नच समजला नाही, तर उत्तर कुठून येणार? मुलगी रोज रात्री रडायची. बापाने सांगून टाकलं, "दिवाळीला दाखला काढू आणि गावात घालू." कर्ज तर चालूच. गटात कुजबुज सुरू झाली की पैसे पाण्यात गेले. माझंही मन डळमळलं, खोटं कशाला बोलू. मराठीतून एकदम इंग्रजीत गेलेल्या मुलाचं पहिलं सत्र असंच जातं आणि हे प्रवेशाच्या वेळी कोणी सांगत नाही. पाचवीत माध्यम बदलू नये, बदलायचंच तर आधी वर्षभर तयारी करून घ्यावी, असं माझं आता स्पष्ट मत झालं आहे.

मग आला १७ सप्टेंबर. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. देश १९४७ ला स्वतंत्र झाला, पण आपण तेरा महिने निजामाच्या राज्यातच होतो, १७ सप्टेंबर १९४८ ला सुटलो. मराठवाड्यातल्या सगळ्या शाळांत त्या दिवशी झेंडावंदन होतं, या शाळेतही झालं. आदल्या आठवड्यात मराठीतून भाषणाची स्पर्धा लागली. इंग्रजी शाळांतही मराठी शिकवणं राज्यात २०२० च्या कायद्याने सक्तीचं आहे, पण शहरातल्या बऱ्याच मुलांना मराठीत सलग बोलायला जमत नाही. हिरव्या हाउसला कोणी मिळेना. आमची मुलगी उभी राहिली. तिची पणजी रझाकारांच्या भीतीने घरातलं धान्य कुठे पुरत, रात्री ज्वारीच्या रानात पोरांना घेऊन कशी झोपत, ते तिने आजीकडून ऐकलेलं जसंच्या तसं सांगितलं. दुसरा नंबर आला. नंबरापेक्षा मोठी गोष्ट पुढे घडली. वर्गातल्या मुली तिच्याकडे मराठीचे निबंध तपासायला येऊ लागल्या आणि त्या बदल्यात तिला विज्ञानाचे प्रश्न समजावून सांगू लागल्या.

सहामाही परीक्षा दिवाळीच्या आधी झाली. निकालाच्या दिवसाला तिथे 'ओपन डे' म्हणतात. पालकाने स्वतः जाऊन पेपर बघायचे आणि टीचरशी बोलायचं. ताई म्हणाली, "मी नाही जायची. तिथल्या बायका पर्स लावून येतात, मला इंग्रजी येत नाही." मी सोबत गेले. टीचरने पेपर पुढे ठेवले आणि मराठीत सांगितलं, इंग्रजीत ऐंशीपैकी एकतीस, गणितात अठ्ठावन्न. "चूक कुठे होते ते बघा," म्हणून तिने बोटाने दाखवलं. शब्द माहीत होता, स्पेलिंग चुकलं होतं. हे ताईला वाचता येत नव्हतं, पण लाल खुणा कुठे जास्त आणि कुठे कमी ते तिला दिसलं. तिने विचारलं, "घरी काय करून घेऊ?" टीचर म्हणाली, "रोज पाच शब्द. तुम्ही नुसतं समोर बसा, ती म्हणेल."

त्याच दिवशी आम्हाला पालक-शिक्षक संघाबद्दल कळलं. खासगी विनाअनुदानित शाळांसाठी राज्याचा २०११ चा फी कायदा आहे. त्यानुसार वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत हा संघ झाला पाहिजे, सगळे पालक त्याचे सदस्य. कार्यकारी समिती तयार पालकांतून चिठ्ठ्या टाकून निवडतात, समितीत निम्म्या तरी महिला हव्यात. शाळेची नवी फी या समितीपुढे येते. चिठ्ठीला शिक्षणाची अट नाही, बायांनो. नाव द्यायला हात वर करावा लागतो एवढंच. आम्ही जूनमध्ये ते चुकवलं, कारण नोटीस डायरीत होती.

अजून एक प्रश्न हमखास येतो, आरटीईतून मोफत जागा मिळेल का? २५ टक्के राखीव जागांचा नियम अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरवलं. कॅथलिक शाळा अल्पसंख्याक धरल्या जातात. २०२५ मध्ये त्याच न्यायालयात या निकालाचा फेरविचार व्हावा असा मुद्दा पुढे आला आहे. म्हणून अर्ज भरताना त्या वर्षीच्या यादीत शाळेचं नाव आहे का ते बघा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका. फी झेपत नसेल तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. सवलत मिळेलच असं नाही, पण मागितल्याशिवाय तर नाहीच.

दिवाळीत दाखल्याचा विषय पुन्हा निघाला. पेपर बापापुढे ठेवले. तो गणिताचा पेपर बराच वेळ उलटसुलट करून बघत होता. मग म्हणाला, "वर्ष पुरं होऊ द्या, मग बघू." तेवढंच. पुढे काय करायचं ते एप्रिलमध्ये ठरेल.

कर्जाचे पाच हप्ते वेळेवर आले, पाच बाकी आहेत. मागच्या बैठकीत ताईने वेगळीच मागणी केली. जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन आहे, मुलीला लावणीच्या नाचात घेतलंय, दहा वर्षांच्या मापाची नऊवारी कोणाकडे आहे का? ज्या मावशीने जूनमध्ये "पोरगी आपली राहायची नाही" म्हटलं होतं, तिच्याच पेटीतून निघाली. जांभळी आहे, जरा कसर लागलेली. आता ती रफू करायचं काम माझ्याकडे आलंय.