गावचा नकाशा गावाने काढावा

क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा असलेल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात सरासरी पर्जन्यमानाचा आकडा दिशाभूलच करतो. पश्चिमेस अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचे धरण पावसाने भरत असते, तर पूर्वेकडील पाथर्डी-जामखेड भाग अवर्षणप्रवण. पाण्याचा प्रश्न येथे शिवारागणिक बदलतो. तो नकाशावाचून उमगत नाही.

आजवर नकाशा म्हणजे सरकारी दप्तरातील वस्तू, किंवा महागड्या संगणक-प्रणालीचे फळ. ही स्थिती आता पालटली आहे. २००२ साली आरंभ झालेली ‘क्यूजीआयएस’ ही नकाशे रचण्याची प्रणाली विनामूल्य मिळते. २००४ पासून स्वयंसेवकांनी उभारलेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा जगाचा नकाशा श्रेय नमूद करून कोणालाही वापरता येतो. २०११ साली आलेल्या ‘लीफलेट’च्या साह्याने हा नकाशा संकेतस्थळावर असा मांडता येतो, की विहिरीच्या खुणेवर बोट ठेवताच तिची पाणीपातळी दिसावी. केंद्र सरकारनेही फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशांवरील पूर्वपरवानगीचे जुने निर्बंध सैल केले.

तथापि साधन फुकट मिळाले म्हणून ज्ञान फुकट मिळत नाही. विहिरी मोजणे, नोंदी दरवर्षी अद्ययावत ठेवणे, हे श्रम कोणी तरी केलेच पाहिजेत. शिवाय विहीर खासगी असली तरी भूजल सामाईक आहे. पाणी कोठे आहे हे सर्वांना कळले, तर ज्याच्यापाशी भांडवल तोच प्रथम कूपनलिका खोदील, ही भीती अनाठायी नव्हे.

तिचे उत्तर याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने दिले आहे. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली या गावाने शेतीसाठी कूपनलिका खोदण्यास मनाई केली. पाऊस व पाणीपातळी मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडण्याची आणि त्यानुसार पिके ठरविण्याची प्रथा पाडली. आधी नियम आणि मग माहिती, हा क्रम येथे महत्त्वाचा.

जिल्ह्यातील महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेतून दरवर्षी एकेक गाव हाती घ्यावे. विद्यार्थ्यांनी मोजावे, ग्रामसभेने तपासावे, आणि नकाशाची मालकी ग्रामसभेचीच राहावी. अन्यथा संकेतस्थळावर नकाशा झळकत राहील, आणि विहिरीचा तळ मात्र खालीच जाईल.