साखर उतरली, पण दम?

लंडनचे डॉक्टर रॉबर्ट लॉरेन्स स्वतः मधुमेही. आता फार दिवस उरले नाहीत म्हणून ते इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन राहिले होते. १९२३ मध्ये इन्शुलिन हाती आल्याची बातमी कळली, ते परतले आणि वाचले. व्यायामानं इन्शुलिनचा गुण वाढतो, हे १९२६ मध्ये त्यांनीच दाखवून दिलं. इतक्या लवकर हे ठाऊक होऊनही पुढची कित्येक वर्षं सत्तरीच्या मधुमेह्याला मिळणारा सल्ला एकच राहिला: जेवण झालं की चार पावलं चालत जा.

जिना चढताना दम लागतो? वय झालं!

मधुमेह डोळे, मूत्रपिंडं, पाय खातो हे सर्वांना माहीत होतं. फुप्फुसांचं नाव कुणी घेत नव्हतं. १९७६ मध्ये अमेरिकेत तरुण मधुमेह्यांच्या फुप्फुसांची लवचिकता कमी झाल्याचं आढळलं. १९९० मध्ये तर एका वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखानं थेट विचारलं, की मधुमेहाचा मारा फुप्फुसांवरही होतो का? कारण समजायला सोपं आहे. रक्तातली जादा साखर वर्षानुवर्षं कोलॅजन या प्रथिनाला चिकटते आणि ते ताठरतं. अशा काही रुग्णांना नमस्कार करायला सांगा. बोटं पूर्ण जुळत नाहीत, मधे फट राहते. असाच ताठरपणा छातीच्या भात्यातही येऊ शकतो. तोटा सहसा थोडाच असतो. पण मांड्यांचे स्नायू आधीच झडलेले असले, की तेवढाही जाणवतो.

त्या स्नायूंकडे लक्ष गेलं तेही १९९० मध्येच. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात ८६ ते ९६ वर्षांच्या मोजक्या माणसांकडून आठ आठवडे वजनं उचलवून घेतली. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली! ही मंडळी मधुमेही म्हणून निवडलेली नव्हती. २००२ मध्ये बोस्टनमध्येच ६२ वयस्क मधुमेह्यांवर तसाच प्रयोग झाला. त्यातल्या व्यायाम करणाऱ्या गटाचं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, १६ आठवड्यांत ८.७ वरून ७.६ वर आलं.

मग श्वासाच्या स्नायूंची पाळी आली. २०११ मध्ये ब्राझीलमध्ये, श्वास घेण्याची ताकद कमी पडलेल्या मधुमेह्यांना अडथळ्याच्या नळीतून श्वास ओढायला लावलं. त्या स्नायूंचं बळ दुपटीहून वाढलं. एकूण शारीरिक क्षमता मात्र जिथल्या तिथे राहिली. हा निकाल महत्त्वाचा आहे, कारण कोविडनंतर आपल्याकडे घरोघरी श्वासाच्या व्यायामाचं ते तीन रंगीत गोळ्यांचं यंत्र आलं आणि आजोबा-आजींमध्ये तिन्ही गोळ्या झटक्यात उडवण्याची चढाओढ लागली. श्वास सावकाश, खोल घेऊन क्षणभर धरायचा, हे राहिलंच बाजूला. आणि नुसत्या गोळ्या उचलून जिना चढता येत नाही.

महाराष्ट्राला हे विषय परके नाहीत. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापून स्वामी कुवलयानंदांनी प्राणायाम प्रयोगशाळेत तपासायला घेतला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. तरीही मधुमेहाच्या दवाखान्यातून फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी जाते ती बहुधा खांदा आखडला किंवा गुडघा धरला म्हणून.

दम आणि पायांची ताकद मोजायच्या चाचण्या तर बिनखर्चाच्या आहेत. तीस मीटरच्या व्हरांड्यात सहा मिनिटांत किती अंतर चाललं जातं, हात छातीवर घेऊन तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं, एवढंच मोजायचं. पण दम अलीकडेच वाढला असेल, तर आधी हृदय तपासून घ्या. मधुमेह्याला छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. इन्शुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर व्यायामाला जाताना खिशात ग्लुकोज हवंच. डोळ्याच्या पडद्याला इजा असेल तर वजन उचलण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. आणि पुढच्या खेपेला साखरेचा रिपोर्ट दाखवाल तेव्हा डॉक्टरांकडे फिजिओथेरपिस्टसाठी चिठ्ठीही मागा.