सरावपाठ, प्रोजेक्टर आणि काही पक्क्या समजुती

डी.एल.एड.चा सरावपाठ जवळ आला की छात्राध्यापकांच्या तयारीचा एक ठरावीक क्रम दिसतो. पाठ टाचण लिहून होते, हेतुकथनाचे वाक्य तोंडपाठ होते आणि मग शोध सुरू होतो तो व्हिडिओचा. पूर्वी या जागी रंगीत तक्ते आणि खडूने सजवलेला फळा असायचा. आता पीपीटी, यूट्यूब आणि अलीकडे चॅटजीपीटी आले आहे. पडद्यावर चित्र हलले की पाठ ‘नावीन्यपूर्ण’ ठरतो. नुसता फळा वापरला तर ‘पारंपरिक’. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांतल्या शाळांत उद्या उभे राहणारे तरुण ही मोजपट्टी सोबत घेऊन जाणार असतील, तर ती आताच तपासायला हवी.

पहिली समजूत अशी की साधने आली की शिकणे आपोआप वाढते. या समजुतीची परीक्षा जगाने मोठा खर्च करून घेतली आहे. ‘एक मूल, एक लॅपटॉप’ ही योजना गाजत होती तेव्हा महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातल्या खैराट या छोट्या गावातही २००७ मध्ये तिचा प्रयोग झाला. पेरू देशाने तर मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. तिथल्या ३१८ ग्रामीण प्राथमिक शाळांचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला, तेव्हा सुमारे १५ महिन्यांनंतर गणित आणि भाषेच्या चाचण्यांत लॅपटॉप मिळालेली आणि न मिळालेली मुले यांच्यात फरक आढळला नाही. यंत्र पोहोचले होते. त्याच्याशी जोडलेला पाठ पोहोचला नव्हता.

म्हणून संगणक निरुपयोगी, असा उलटा निष्कर्ष काढणारेही तितकेच चुकतात. गुजरातमधल्या ज्ञानशाला या संस्थेच्या शाळांत एकच संगणक कार्यक्रम दोन पद्धतींनी वापरून पाहिला गेला. जिथे तो शिक्षकांच्या तासाच्या जागी आला, तिथे मुले मागे पडली. जिथे तो शाळेच्या वेळेबाहेर जादा सराव म्हणून आला, तिथे मुलांना फायदा झाला. दिल्लीतल्या माइंडस्पार्क या संगणक कार्यक्रमाच्या केंद्रांत शाळा सुटल्यावर येणाऱ्या मुलांनी अवघ्या साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत ठळक प्रगती केली. त्यामागचे कारण नव्या शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. तो कार्यक्रम प्रत्येक मुलाची आजची पातळी शोधून तिथूनच प्रश्न देत होता, मूल कितवीत आहे ते बघत नव्हता. एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता सांभाळणाऱ्या, पाचवीत बसून दुसरीचा उतारा अडखळत वाचणारे मूल रोज समोर असणाऱ्या शिक्षकाला टॅबची खरी गरज इथे आहे. पाठ सुरू असताना सगळ्या वर्गाला एकच ॲनिमेशन दाखवण्यापेक्षा हे काम कितीतरी मोलाचे आहे.

‘खेड्यात मोबाइलच नाहीत, तिथे कसले तंत्रज्ञान,’ हेही वारंवार ऐकू येते. ‘असर २०२४’ या देशव्यापी ग्रामीण सर्वेक्षणात १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलांनी आपल्याला स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले. वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो काही ना काही अभ्यासासाठी वापरला होता. समाजमाध्यमांसाठी मात्र ७६ टक्क्यांनी. स्वतःचा फोन असण्यात मुली मुलांपेक्षा मागे आहेत. म्हणजे फोन बहुतेक घरांत पोहोचला आहे. तो कोणाच्या हातात असतो आणि त्याचे काय करायचे हे मुलांना कोण शिकवते, हे प्रश्न अजून उरले आहेत, आणि ते शिक्षकाच्या कक्षेत येतात.

सर्जनशीलतेबद्दलच्या समजुती याहून चिवट आहेत. ती चित्रकला आणि कार्यानुभवाच्या तासाची गोष्ट मानली जाते. ‘उजव्या मेंदूची मुले कलावंत, डाव्या मेंदूची हिशेबी’ हे वाक्य प्रशिक्षण वर्गांत आजही ऐकू येते. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये हजाराहून अधिक व्यक्तींच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या. माणसांची अशी उजवे-डावे विभागणी करता येईल असा पुरावा त्यांना सापडला नाही.

आणि सर्जनशील पाठाला महागडे साहित्य लागते, हे तर हिंगोलीत राहून कोणी म्हणूच नये. हा हळदीचा जिल्हा आहे. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेला कागद आम्ल आणि आम्लारी ओळखण्याचे उत्तम साधन आहे. साबणाचे पाणी किंवा चुन्याची निवळी पडली की तो लालसर होतो, त्याच डागावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. हा प्रयोग शिक्षकाने करून दाखवला तर ते प्रात्यक्षिक झाले. मुलांना आधी विचारले, की चुलीतली राख कालवलेले पाणी, ताक, चिंचेचा कोळ, धुण्याचा सोडा यांतले कोण कागदाचा रंग बदलेल, आणि त्यांचे अंदाज कारणांसह वहीत लिहून घेतले, तर तोच प्रयोग विचार करायला लावतो. मोबाइलचे कामही इथे आपसूक येते. प्रत्येक गटाच्या कागदांचे फोटो शेजारी शेजारी लावायचे, दुसऱ्या गावच्या शाळेकडे पाठवायचे आणि त्यांच्या निकालाशी ताडून पाहायचे. निकाल जुळले नाहीत तर फारच उत्तम, कारण मग का जुळले नाहीत याचा शोध घेता येतो.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बिया, शिंपले, पाने, काड्या यांतून शैक्षणिक साधने घडवली. शिक्षक घडवण्याच्या कामात आयुष्य घालवलेल्या लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केले. पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेतील विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी बनवली आणि त्यांची कृती इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत खुली केली. काडेपेटीच्या काड्या आणि इंटरनेट यांत त्यांना कुठलाच विरोध दिसला नाही.

रणजितसिंह डिसले यांच्याविषयीची समजूत तर दुरुस्त करायलाच हवी. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना क्यूआर कोडमुळे मिळाला, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. पुरस्कार देणाऱ्या संस्थेने सांगितलेली हकीकत वेगळ्या ठिकाणी सुरू होते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत मुलांची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तके त्या भाषेत नव्हती. डिसले यांनी आधी मुलांची भाषा शिकून घेतली, पुस्तके त्यांना कळतील अशी केली आणि मग त्यात कविता, गोष्टी, व्हिडिओ यांचे कोड बसवले. हिंगोलीतल्या तांड्यावरच्या शाळेत बंजारा बोलणारी मुले येतात. कळमनुरी, औंढा भागात आंध आदिवासींची गावे आहेत. इथल्या होतकरू शिक्षकाने डिसले यांच्याकडून सर्वात आधी घ्यावे ते मुलांची बोली शिकणे. आजीच्या तोंडची गोष्ट मुलांनी फोनवर रेकॉर्ड करावी, वर्गात सगळ्यांनी मिळून ती मराठीत उतरवावी. एवढ्या कामात भाषेचा आठवडाभराचा पाठ आहे.

आधी यंत्र, मग कल्पना, या समजुतीला तर याच जिल्ह्याच्या मातीत उत्तर आहे. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांब असतील आणि प्रोटॉनच्या व्यासाहून हजारो पटींनी लहान बदल ती टिपेल. या यंत्राचे मूळ एका वर्गात आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या एमआयटीत रायनर वाइस सापेक्षतावाद शिकवत होते. जोसेफ वेबर यांच्या गुरुत्वीय लहरींच्या प्रयोगाबद्दल विद्यार्थ्यांनी विचारले, आणि तो प्रयोग समजावून सांगणे वाइस यांना अवघड गेले. तेव्हा त्यांनी वर्गाला एक सोपा विचारप्रयोग सोडवायला दिला: मोकळ्या वस्तूंच्या दरम्यान प्रकाशाला ये-जा करायला लागणारा वेळ मोजला तर? १९७२ मध्ये त्यांनी त्याचा सविस्तर आराखडा लिहिला. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर पकडली गेली आणि २०१७ मध्ये वाइस नोबेलचे मानकरी ठरले. क्षीण संकेत गोंगाटातून वेगळा काढण्याच्या गणिती पद्धतींत आयुकाचे संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे. मुलांच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला येत नाही, याची धास्ती प्रत्येक छात्राध्यापकाला असते. असा प्रश्न दडपण्याऐवजी वर्गासमोर ठेवला तर काय होऊ शकते, याचे याहून मोठे उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे शिक्षकाची गरज संपेल, ही सर्वात ताजी भीती. तुर्कस्तानात माध्यमिक शाळेच्या जवळपास हजार विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग याबाबत बरेच सांगतो. गणिताच्या सरावात साधा चॅटबॉट वापरणाऱ्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली, पण तो काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा तीच मुले, चॅटबॉट कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. उत्तर न देता केवळ इशारे देणारा चॅटबॉट ज्यांना मिळाला, त्यांचे हे नुकसान बहुतांशी टळले, आणि ते इशारे शिक्षकांच्या मदतीने तयार केलेले होते.

अध्यापक विद्यालयांनी सरावपाठाच्या निरीक्षण तक्त्यात ‘तंत्रज्ञानाचा वापर’ या शेऱ्यापेक्षा दोन रकाने ठळक ठेवावेत: मुलांनी कोणते प्रश्न विचारले आणि स्वतः काय करून पाहिले. तक्ता बदलायला वेळ लागेल, पण छात्राध्यापकांनी त्यासाठी थांबू नये. प्रत्येक पाठानंतर मुलांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवा आणि पुढचा पाठ त्यातल्या एकापासून सुरू करा.