माशांच्या आहारातील प्रथिने : किती आणि कशासाठी?

सुरतेहून धुळ्याकडे येणारा महामार्ग कडोदरा, बारडोली, व्यारा व सोनगड ओलांडून नवापूरजवळ महाराष्ट्रात प्रवेश करतो. याच वाटेवर, सोनगड परिसरात, तापी नदीवर १९७२ साली पूर्ण झालेले उकाई धरण आहे. त्याचा फुगवटा नवापूर तालुक्यापर्यंत पसरलेला आहे. मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेने आदिवासी मच्छीमारांना सोबत घेऊन या जलाशयात पिंजऱ्यांतील मत्स्यसंवर्धनाचे प्रयोग केले आहेत.

मोकळ्या पाण्यातील मासा आपले अन्न स्वतः शोधतो. पिंजऱ्यातील मासा मात्र सर्वस्वी मालकाने दिलेल्या खाद्यावर अवलंबून असतो. मत्स्यशेतीच्या एकूण खर्चापैकी निम्म्याहून अधिक खर्च बहुधा खाद्यावर होतो आणि खाद्यातील सर्वांत महाग घटक म्हणजे प्रथिने. त्यामुळे ‘जितकी प्रथिने अधिक, तितकी वाढ अधिक’ ही समजूत तपासून घेणे अगत्याचे ठरते.

रोहू, कटला व मृगळ या माशांना जठर नसते. अन्न सरळ लांब आतड्यात जाते आणि तेथील पाचक रस प्रथिनांचे विघटन करून त्यांपासून अमिनो आम्ले तयार करतात. ही आम्ले रक्तात मिसळतात व त्यांपासून माशाचे मांस घडते. आहारातील प्रथिने वाढली, की हे पाचक रसही काही मर्यादेपर्यंत वाढतात. परंतु शरीर घडविण्यास लागणारी गरज भागल्यानंतर उरलेल्या अमिनो आम्लांचा साठा माशाला करता येत नाही. ती जाळून मासा ऊर्जा मिळवितो. इमारतीसाठी आणलेले सागवान चुलीत घालावे, तसाच हा प्रकार होय.

या ज्वलनातून अमोनिया निर्माण होतो व तो मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात उतरतो. हिशेब सोपा आहे. शेंगदाण्याच्या पेंडीत सुमारे ४२ टक्के व भाताच्या कोंड्यात सुमारे १२ टक्के प्रथिने धरली, तर दोन्हींच्या समभाग मिश्रणात ती २७ टक्के होतात. असे १०० किलो खाद्य दिल्यास त्यातून ४ किलोंहून थोडा अधिक नत्र तळ्यात जातो. त्याचा साधारण तिसरा हिस्सा माशाच्या अंगी लागतो आणि उरलेला सुमारे ३ किलो पाण्यातच राहतो. प्रथिने ४० टक्क्यांवर नेली आणि वाढ तेवढीच राहिली, तर पाण्यात राहणारा नत्र ५ किलोंवर जातो.

अमोनियाचे विषारीपण पाणी उष्ण व अल्कधर्मी झाले, की वाढते. उन्हाळ्याच्या दुपारी हिरव्या शेवाळयुक्त तळ्यात नेमकी हीच स्थिती असते. शिवाय न खाल्लेले खाद्य कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्च होतो. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागले, तर तो धोक्याचा इशारा समजावा. एका रात्रीत साऱ्या हंगामाची मेहनत वाया जाऊ शकते.

दुसरीकडे, प्रथिने फार कमी पडल्यासही मासा खुरटतो. मत्स्यजिऱ्यांना सुमारे ३५ ते ४० टक्के, तर बोटुकलीच्या पुढे वाढलेल्या कार्प माशांना साधारणतः २५ ते ३० टक्के प्रथिने पुरतात. मांसाहारी जातींची गरज यापेक्षा अधिक असते. प्रमाणाइतकाच दर्जाही महत्त्वाचा असतो. माशाला दहा अमिनो आम्ले आहारातूनच मिळावी लागतात. शेंगदाणा पेंडीत लायसिन कमी, तर सोयाबीनमध्ये मेथिओनिन कमी असते. म्हणून एकाच पेंडीवर भिस्त न ठेवता मिश्रण करणे श्रेयस्कर. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारे द्रव्य असते, ते उष्णतेने निष्प्रभ होते. बुरशी लागलेली पेंड तर यकृतास घातक असल्याने ती वर्ज्यच करावी.

ऊर्जेसाठी कोंडा व थोडा स्निग्धांश योग्य प्रमाणात मिळाला, तर प्रथिने जळण्यापासून वाचतात व मांस घडविण्यास उपयोगी पडतात. खाद्य एकदम न टाकता दिवसातून दोन-तीन वेळा थोडे थोडे द्यावे. ते पसरट तबकात ठेवून दोन तासांनी पाहावे; शिल्लक राहिले असेल, तर दुसऱ्या दिवशी प्रमाण घटवावे. ढगाळ दिवशीही खाद्य कमीच द्यावे. नेमक्या मापाने दिलेल्या प्रथिनांचेच मांस होते. मापाबाहेरच्या प्रथिनांचा पैसा मात्र पाण्यात जातो आणि तेच पाणी पुढे माशाच्या जिवावर उठते.