ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे

दूरदर्शनच्या जमान्यात वाढलेल्या आपल्या पिढीला 'एक, अनेक और एकता' ही कार्टून फिल्म अजून आठवते. १९७४ सालची. ती घडवणाऱ्या विजया मुळे मूळच्या मुंबईच्या. संगीत वसंत देसाईंचं, अन् त्यातला कोवळा आवाज साधना सरगमचा. ती मनात राहिली, कारण त्यात गाणं आणि चित्र हातात हात घालून चालतात.

मैत्रिणींनो, असं काम आता घरच्या कॉम्प्युटरवरही होतं. 'ब्लेंडर'सारखं सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं. आमच्या कुरुंद्यात याची गरज भूकंपामुळे पडली. वसमत तालुक्यातल्या आमच्या भागात जमिनीतून गूढ आवाज येतात, धक्के बसतात. २१ मार्च २०२४ ला हिंगोली जिल्ह्यात ४.५ रिश्टरचा भूकंप झाला, १० जुलैला पुन्हा तेवढाच. बायका-लेकरांना सावध करायला बचत गटातल्या मुलींनी दोन मिनिटांचं कार्टून करायला घेतलं. आवाज गटातल्याच एका काकूंचा, अस्सल आपल्या बोलीतला.

पण लावून पाहिलं तर काकू "डोकं झाका, पलंगाखाली शिरा" म्हणून मोकळ्या, अन् चित्रातली ताई नुसती उभी! लेकरं खो खो हसली. हसण्यावारी नेण्यासारखं मात्र ते नव्हतं. लेकरं बघून शिकतात. आवाज ऐकताक्षणी हात डोक्यावर गेला पाहिजे, हेच तर दाखवायचं होतं.

यामागचं कारण सोपं आहे. चित्रं जड असली की कॉम्प्युटरला ती काढायला वेळ लागतो, आवाज मात्र थांबत नाही. ब्लेंडरच्या 'प्लेबॅक'मध्ये 'सिंक टू ऑडिओ' निवडलं, की मधली काही चित्रं गाळून ते आवाजाला गाठतं. तयार फिल्ममध्ये सगळी चित्रं येतात. म्हणून आधी फिल्म बाहेर काढून बघावी, लगेच आवाज सरकवू नये.

फिल्ममध्येही फरक दिसला तर दोन गोष्टी तपासा. फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच असेल, तर आवाजाची पट्टी तेवढी मागेपुढे सरकवली की भागतं. फरक हळूहळू वाढत असेल, तर वेगाचा हिशेब चुकलाय. सेकंदाला २४ चित्रं धरून केलेलं काम २५ च्या वेगाने लावलं, तर दोन मिनिटांत चित्र जवळजवळ पाच सेकंद पुढे पळतं. म्हणून वेग पहिल्याच दिवशी ठरवावा, मग बदलू नये.

आणखी एक, आवाज आधी रेकॉर्ड करावा, चित्रं मागून काढावीत. कोणता शब्द कितव्या चित्रावर येतो, ते वहीत लिहून ठेवावं. ओठांसाठी शाळेतली वर्णमाला आठवा. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात. 'पलंग' म्हणताना 'प'ला ओठ मिटलेले दिसले, की बाकीचं थोडं इकडेतिकडे चालून जातं.

आमच्या मुलींनी वही घालून एकेक शब्द जुळवला. आता काकूंचं "डोकं झाका" अन् ताईचे हात एकदमच येतात. लेकरं हसत नाहीत, तीही हात डोक्यावर नेतात. आरोग्याचं असो की पाणी वाचवायचं, तुमच्या गावची गोष्ट तुमच्याच बोलीत अशी करून बघा.