तळ्याकाठचं घर वाढवताना

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात तळ्याकाठच्या बांधकामाचे किमान नियम राज्य ठरवतं. काउंटी किंवा शहर ते आणखी कडक करू शकतं. नियमाबाहेर बांधायचं तर 'व्हेरिअन्स', म्हणजे खास सूट, मागावी लागते.

● अंतर : सार्वजनिक मलवाहिनी नसेल, तर तळ्याच्या वर्गानुसार उच्च जलरेषेपासून 75, 100 किंवा 150 फूट.

● झाकलेली जमीन : छप्पर, अंगण, ड्राइव्हवे मिळून भूखंडाच्या 25 टक्क्यांपर्यंतच.

● कसोटी : 2011च्या कायद्यानुसार 'व्यावहारिक अडचण' दाखवावी लागते. वापर वाजवी हवा, अडचण त्या जमिनीचीच हवी, मालकाने ओढवून घेतलेली नको, आणि परिसराचं रूप बदलता कामा नये. निव्वळ खर्चाचं कारण चालत नाही. रस्त्याच्या बाजूला मोकळी जागा असताना पाण्याकडे बेडरूम काढायची म्हटली, तर अर्ज तिथेच लंगडा पडतो.

● निर्णय : जाहीर सुनावणीनंतर स्थानिक मंडळ घेतं. राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाला आधी सूचना द्यावी लागते.

● अटी : सूट देताना काठावर देशी झुडपांचा पट्टा राखायला सांगता येतं, पण अट बांधकामाच्या परिणामाच्या प्रमाणात हवी.

झुडपांची ही अट जाचक नाही, गरजेची आहे. छपरावरून वाहणारं पाणी माती आणि फॉस्फरस तळ्यात नेतं, त्यावर शेवाळ माजतं; झुडपांचा पट्टा ते पाणी काठावरच अडवतो. घर एकाचं असलं, तरी तळं सगळ्यांचं आहे.